खोटा फ्रीज जागेवर कसा उभा राहतो?

ताईने डोंबिवलीत नवी जागा घेतली तेव्हा सगळ्यात जास्त खल झाला तो फ्रीजवर. स्वयंपाकघरात ओटा संपतो तिथून खिडकीच्या भिंतीपर्यंत जेमतेम अडीच फूट जागा. टेप लावून झाली होती, आकडे कागदावर होते, तरी तिचं मन मानेना. "मावेल गं, पण तिथे उभा राहिला की खिडकीचा उजेड अडवेल का, हे टेपवर कुठे कळतंय?" मग भाचीने फोन काढला. खरेदीच्या एका अ‍ॅपमध्ये 'तुमच्या घरात बघा' असं बटण होतं. ते दाबून तिने फोन फरशीकडे धरला आणि हळूहळू इकडून तिकडे फिरवला. पडद्यावर बारीक पांढरे ठिपके उमटले आणि थोड्या वेळाने ओट्याशेजारी एक राखाडी, दोन दारांचा फ्रीज उभा राहिला.

ताई फोन घेऊन त्याच्याभोवती फिरली. बाजूला गेल्यावर त्याची बाजू दिसली, जवळ गेल्यावर तो मोठा झाला, वाकल्यावर खालचे पाय दिसले. त्याचा धक्का लागू नये म्हणून तिने नकळत अंगही चोरलं. मग ती पॅसेजमधून एक फेरी मारून आली आणि दारातच थांबली. "अगं, हा बघ, सरकला!" फ्रीज वीतभर डावीकडे गेला होता, ओट्याच्या कडप्प्यात अर्धा घुसलेला.

मला त्या फ्रीजपेक्षा त्याच्या सरकण्यात जास्त रस वाटला. फ्रीजचं चित्र काढणं हा यातला सोपा भाग आहे. आजचा कुठलाही फोन ते काढतो. ते चित्र खऱ्या फरशीवर, आपण कुठेही गेलो तरी, जागच्या जागी टिकवणं हे खरं अवघड काम. खरं जग आणि आभासी जग एकमेकांत मिसळणारं जेवढं तंत्रज्ञान आज आहे, त्या सगळ्याचा जीव या एका गोष्टीत अडकलेला असतो.

नावांचा गोंधळ आधी मिटवू. खऱ्या जगाच्या दृश्यावर आभासी वस्तूंची भर घालतात ती ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी. ताईचा फ्रीज त्यातला. डोळ्यांवर हेडसेट चढवून खरं जग पूर्ण झाकतात आणि त्या जागी दुसरंच जग दाखवतात ती व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी. पॉल मिलग्रॅम आणि फुमिओ किशिनो या संशोधकांनी १९९४ मध्ये सुचवलं की ही दोन वेगळी खाती मानू नका, एक सलग पट्टी समजा: एका टोकाला निव्वळ खरं, दुसऱ्या टोकाला निव्वळ आभासी, आणि मधे कमी-जास्त प्रमाणातली सरमिसळ. मधल्या भागाला मिक्स्ड रिअ‍ॅलिटी म्हणतात. कंपन्या आपापल्या सोयीने नवी नावं काढत राहतात, त्यांच्या फार मागे लागण्यात अर्थ नाही.

आता क्रिकेटच्या मैदानावर येऊ. टीव्हीवर सामना बघताना गोलंदाजाच्या मागे हिरवळीवर जाहिरातीची अक्षरं उभ्या फलकासारखी दिसतात. एखादा क्षेत्ररक्षक पळत येतो आणि त्या 'फलका'तून सरळ निघून जातो, तेव्हा कळतं की तिथे फलक नाहीच, गवतावरचं सपाट चित्र आहे. ही अक्षरं मुद्दाम तिरकी आणि ताणून रंगवलेली असतात. मुख्य कॅमेरा ज्या उंचीवरून, ज्या कोनातून बघतो, तिथून ती बरोबर उभी वाटतात. दिग्दर्शकाने कॅमेरा बदलला की तीच अक्षरं रबरासारखी ओढलेली दिसतात. यात कॉम्प्युटरचं काम फक्त आराखड्यापुरतं, बाकी सगळा रंग आणि ब्रश. पण एक गोष्ट यातून स्वच्छ कळते: सपाट चित्र उभं वाटतं ते एकाच ठिकाणावरून बघणाऱ्याला.

फोनमधल्या फ्रीजची अडचण हीच आहे. ताईचा हात एका ठिकाणी थांबत नाही. ती अर्धा इंच जरी हलली तरी फ्रीज त्या नव्या ठिकाणावरून जसा दिसायला हवा तसा पुन्हा काढावा लागतो, आणि हे सेकंदाला तीस किंवा साठ वेळा. त्यासाठी फोनला प्रत्येक क्षणी माहीत हवं की आपण या स्वयंपाकघरात नेमके कुठे आहोत आणि कुठल्या दिशेला बघतोय. जीपीएस इथे कामाचं नाही. मोकळ्या रस्त्यावरही त्यात काही मीटरचा फरक पडतो, घरात तर त्याहून वाईट. इथे हिशोब सेंटिमीटरचा आहे.

मग फोन हे करतो कसं? त्याच्याकडे दोन इंद्रियं आहेत.

पहिलं इंद्रिय कॅमेरा. कॅमेऱ्यातून आलेल्या चित्रात फोन 'फ्रीज', 'ओटा', 'खिडकी' असं काही शोधत नाही. तो शोधतो ठळक खुणा: फरशीचे सांधे, कॅलेंडरचा कोपरा, गॅसच्या बटणांच्या कडा, डब्यावरच्या लेबलातलं एखादं अक्षर. अशा शेकडो खुणा तो धरून ठेवतो आणि पुढच्या चित्रात त्या कुठे गेल्या ते बघतो. एसटीच्या खिडकीतून बाहेर बघताना रस्त्याकडेचे खांब सुसाट मागे पळतात, शेतातलं झाड सावकाश सरकतं आणि लांबचा डोंगर जवळजवळ हलतच नाही. लहानपणी सगळ्यांनी हे पाहिलेलं असतं. फोन हाच अनुभव गणितात मांडतो. कुठली खूण किती सरकली यावरून ती किती लांब आहे हेही काढतो आणि आपण स्वतः किती हललो हेही.

यात एक पेच आहे. खोलीचा नकाशा काढायचा तर स्वतःची जागा माहीत हवी, आणि स्वतःची जागा ओळखायची तर नकाशा हवा. दोन्ही नसताना सुरुवात करायची. रोबोटवर काम करणाऱ्यांना हा पेच फार आधी पडला होता. दोन्ही गोष्टी एकदम, एकमेकींच्या आधाराने सुधारत न्यायच्या, असा त्यांनी मार्ग काढला. त्या पद्धतीला 'स्लॅम' म्हणतात. अनोळखी गावच्या बाजारपेठेत आपण तेच करतो. 'मारुतीचं देऊळ डावीकडे होतं, पानाची टपरी त्याच्या पुढे' असं मनाशी जुळवत जातो, आणि तेच देऊळ पुन्हा दिसलं की आपण फिरून तिथेच आलो हे कळतं. मग मधल्या गल्ल्यांचा डोक्यातला नकाशाही आपोआप दुरुस्त होतो.

पण एकट्या कॅमेऱ्याला एक गोष्ट कळू शकत नाही: माप. समोर दिसतंय ते खरं स्वयंपाकघर आहे की भातुकलीचं, हे नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही. लहान वस्तू जवळून आणि मोठी वस्तू लांबून सारखीच दिसते. इथे दुसरं इंद्रिय मदतीला येतं. फोनमध्ये त्वरण मोजणारा आणि वळण मोजणारा असे दोन अगदी बारीक सेन्सर असतात. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते ना, तसेच हे. फोन खरोखर दहा सेंटिमीटर सरकला हे त्यांना कळतं. कॅमेरा म्हणतो, अमुक खूण एवढी हलली; सेन्सर म्हणतो, आपण दहा सेंटिमीटर हललो; दोन्ही जुळवलं की खोलीचं खरं माप हातात येतं. अ‍ॅप सुरुवातीला फोन इकडून तिकडे फिरवायला सांगतं ते यासाठी. पुष्कळ लोक घाईने फोन स्थिर धरून बसतात आणि मग फ्रीज उगवत नाही म्हणून वैतागतात.

तुम्ही म्हणाल, सेन्सर इतके हुशार असतील तर कॅमेऱ्याची काय गरज? साधं गणित करून बघू. त्वरणावरून अंतर काढायचं तर दोनदा बेरीज करत जावी लागते, आणि बेरजेबरोबर चूकही साठत जाते. समजा सेन्सरने सतत फक्त ०.०५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी चूक केली. एका सेकंदाने जागेतली चूक अडीच सेंटिमीटर होते, दहा सेकंदांनी थेट अडीच मीटर. वेळ दहापट, चूक शंभरपट. म्हणजे ताईचा फ्रीज दहा सेकंदांत बेडरूममध्ये. म्हणून दोघांची जोडी लागते. पळापळीच्या, झटक्याच्या क्षणी, जेव्हा कॅमेऱ्याचं चित्र पुसट होतं, तेव्हा सेन्सर सांभाळून नेतात. आणि सेन्सर भरकटायला लागले की कॅमेरा त्यांना ओळखीच्या खुणा दाखवून जागेवर आणतो.

आता ताईच्या घरात काय बिघडलं ते सांगता येतं. तिच्या स्वयंपाकघरात चकचकीत पॉलिश केलेल्या मोठ्या फरश्या आहेत, फिकट, एकरंगी. नव्या घराच्या भिंती कोऱ्या पांढऱ्या. धरून ठेवावी अशी खूणच कमी. त्यात फरशीवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलेलं. फोनला ते प्रतिबिंब छान ठळक खूण वाटतं, पण प्रतिबिंब एका जागी राहत नाही, आपण चालू लागलो की तेही फरशीवरून आपल्याबरोबर सरकतं. जिच्यावर विश्वास ठेवला तीच खूण चालायला लागली, तर नकाशा बिघडणारच. पॅसेजच्या अंधारात कॅमेऱ्याला जवळजवळ काहीच दिसलं नाही, तेवढा वेळ एकट्या सेन्सरवर भागवावं लागलं, चूक साठली, आणि परत स्वयंपाकघरात आल्यावर जुन्या खुणा नीट जुळल्या नाहीत. त्याचा हिशोब म्हणजे तो वीतभराचा फरक.

हे सगळं फोनच्या काळातलं वाटेल, पण प्रश्न जुना आहे. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड या अमेरिकी संशोधकाने डोक्यावर घालायचा पहिला कॉम्प्युटर पडदा जगासमोर मांडला. डोळ्यांसमोर अर्धपारदर्शक आरसे होते, त्यामुळे खरी खोलीही दिसायची आणि तिच्यात तरंगणारी, नुसत्या रेघांची घनाकृतीही. डोकं कुठे आहे हे कळावं म्हणून ते यंत्र एका दांड्याने छताला जोडलेलं होतं. माणूस हलला की दांडा हलायचा आणि त्यावरून हिशोब व्हायचा. खोटी वस्तू जागेवर ठेवण्यासाठी माणसालाच छताला बांधावं लागलं होतं! आज तोच दांडा कॅमेरा आणि दोन सेन्सरांच्या रूपात आपल्या खिशात आहे.

'ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी' हे नाव आलं विमानाच्या कारखान्यातून. बोइंगमध्ये विमानाच्या वायरिंगच्या जुड्या मोठमोठ्या फळ्यांवर बांधल्या जायच्या, आणि प्रत्येक जुडीसाठी नवी मांडणी. टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल या तिथल्या दोघांनी विचार केला की कामगाराच्या डोळ्यांवरच पारदर्शक पडदा लावून 'ही वायर इथून तिथे' असं फळीवर दाखवता आलं तर? १९९२ मध्ये त्यांनी या कल्पनेवरचा निबंध सादर केला. मला हे मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण या तंत्रज्ञानाचं नाव निघालं की पहिल्यांदा खेळ आठवतात. त्याचं नाव मात्र वायर बांधणाऱ्या हातांची सोय बघताना पडलं.

फोन हातात असतो तोवर फ्रीज वीतभर सरकला तर आपण हसतो आणि पुन्हा बटण दाबतो. हेडसेट डोळ्यांवर असताना तसं नसतं. तिथे चूक शरीराला जाणवते.

एक प्रयोग आत्ताच करून बघा. हाताचा तळवा चेहऱ्यासमोर धरा आणि हात डावी-उजवीकडे भराभर हलवा. तळव्यावरच्या रेषा पुसट होतात. आता हात स्थिर ठेवा आणि डोकं तेवढ्याच वेगाने 'नाही नाही' म्हटल्यासारखं हलवा. रेषा स्पष्ट दिसतात! कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा डोकं वळल्याबरोबर डोळ्यांना उलट दिशेने वळायला लावते, आणि हा निरोप साधारण दहा मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात पोचतो. आपल्याला जग स्थिर दिसतं ते यामुळे.

या यंत्रणेला फसवायचं तर हेडसेटलाही तेवढीच चपळाई हवी. सहज मान वळवली तरी वेग सेकंदाला शंभर अंशांपर्यंत जातो. हेडसेटने नवं चित्र दाखवायला पन्नास मिलिसेकंद लावले, तर तेवढ्यात मान पाच अंश वळलेली असते, आणि एक मीटरवरची वस्तू जवळजवळ नऊ सेंटिमीटर चुकीच्या जागी दिसते. मान थांबली की ती मागून सरकत येऊन जागेवर बसते. जग पाण्यात तरंगतंय असं वाटतं. वीस मिलिसेकंदांच्या आत काम उरकलं पाहिजे, असा या क्षेत्रातल्या लोकांचा सर्वसाधारण दंडक आहे. त्यासाठी ते एक छान युक्ती करतात. चित्र पूर्ण तयार झाल्यावर, पडद्यावर टाकायच्या अगदी शेवटच्या क्षणी, डोकं आता कुठे आहे हे पुन्हा एकदा विचारायचं आणि तयार चित्र तेवढंच सरकवून दाखवायचं. नव्याने काढायला वेळ नसतो, सरकवायला असतो.

एवढं करूनही काही जणांना मळमळतंच. आपल्याकडे घाटात 'गाडी लागते', तसाच हा हेडसेट लागतो, फक्त उलट्या बाजूने. एसटीत पुस्तक वाचत बसलेल्या माणसाच्या कानाला कळत असतं की आपण वळणावर वळणं घेतोय, आणि डोळे पुस्तकावर म्हणतात की काहीच हलत नाही. हेडसेटमध्ये डोळे म्हणतात की आपण पळतोय, आणि कान म्हणतो की तू खुर्चीत बसला आहेस. दोन साक्षी जुळत नाहीत आणि पोट ढवळतं. म्हणून बऱ्याच खेळांमध्ये चालण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी थेट उडी मारायची सोय असते, किंवा पळताना दृश्याच्या कडा काळ्या करतात. नव्याने हेडसेट लावणाऱ्याला माझं सांगणं एवढंच की पहिल्या दिवशी पाच-दहा मिनिटं पुरेत, आणि मळमळ सुरू झाली की 'जाईल आपोआप' म्हणून रेटू नका. ती सहसा वाढतच जाते.

दोन डोळ्यांचाही एक प्रश्न आहे. आपले डोळे एकमेकांपासून साधारण सहा सेंटिमीटर लांब असतात, म्हणून प्रत्येकाला जग किंचित वेगळं दिसतं आणि त्या फरकातून मेंदू खोली ओळखतो. चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८३८ मध्ये दोन आरशांचा स्टिरिओस्कोप दाखवून हे सिद्ध केलं. हेडसेट आजही तेच करतो, प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र. पण खऱ्या जगात बोट नाकाजवळ आणलं की डोळे आत वळतात आणि त्याचबरोबर डोळ्यातलं भिंग जवळचं बघायला जुळवून घेतं. हेडसेटमध्ये आभासी बोट नाकाजवळ आलं तर डोळे आत वळतात, पण भिंगाला मात्र ठरलेल्या एकाच अंतरावर, साधारण दीड-दोन मीटरवर, बघत राहावं लागतं. जन्मापासून जोडीने चालणाऱ्या दोन क्रियांची फारकत होते. तासाभराने डोळे शिणतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

खऱ्या जगावर आभासी वस्तू दाखवणारे चष्मे दोन जातींचे असतात. एका जातीत सदरलँडसारखीच पारदर्शक काच असते. रात्रीच्या लोकलमध्ये खिडकीच्या काचेत बघा: बाहेरचे दिवेही दिसतात आणि आपला चेहराही. ही काच त्याच तत्त्वावर चालते. आता त्या खिडकीत आपले केस नीट बघा. जिथे काळे केस आहेत तिथून बाहेरचं दृश्य आरपार दिसतं, कारण काळा म्हणजे प्रकाशाचा अभाव, आणि काच फक्त प्रकाशाची भर घालू शकते. म्हणून अशा चष्म्यांत काळी वस्तू नीट दाखवता येत नाही, खरी गडद सावलीही टाकता येत नाही, आणि भर उन्हात सगळंच फिकं पडतं. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स या जातीचा. दुसऱ्या जातीत डोळे पूर्ण झाकलेले असतात, बाहेरचे कॅमेरे खोलीचं चित्र घेतात आणि आतल्या पडद्यावर ते दाखवतात. तिथे काळा फ्रीजही झकास काढता येतो. पण आता सगळं जगच कॅमेऱ्यातून येणार, म्हणजे उशीर झाला तर तुमचा स्वतःचा हातही उशिरा दिसणार. २०२४ मध्ये बाजारात आलेल्या अ‍ॅपलच्या व्हिजन प्रो या हेडसेटमध्ये कॅमेरे आणि सेन्सरांचा हिशोब झटपट करायला वेगळी चिप घातली आहे. कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंत बारा मिलिसेकंद लागतात असा कंपनीचा दावा आहे.

भाचीने खोट्या फ्रीजसमोर हात धरला तेव्हा हात फ्रीजच्या मागे गेल्यासारखा दिसला होता. कुणाच्या पुढे कोण, हे ठरवण्यासाठी प्रत्येक गोष्ट किती लांब आहे ते कळावं लागतं. काही महागड्या फोनांमध्ये त्यासाठी लायडार असतं: अदृश्य प्रकाशाचे ठिपके सोडायचे आणि ते परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. प्रकाश एका नॅनोसेकंदात तीस सेंटिमीटर जातो, म्हणजे तीन मीटरवरच्या भिंतीला शिवून परत यायला वीस नॅनोसेकंद. एवढा वेळ मोजणारं घड्याळ फोनच्या पाठीवर, कॅमेऱ्याशेजारच्या काळ्या टिकलीत मावतं, याचं मला आजही मनापासून नवल वाटतं.

हे सगळं जमून आलं की काय होतं? अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एक प्रयोग झाला. हेडसेट घातलेल्या माणसाला एका खोलीत फरशीच्या जागी खोल खड्डा दाखवायचे आणि त्याच्या काठाशी उभं करायचे. आपण प्रयोगशाळेच्या सपाट जमिनीवर आहोत हे त्या माणसाला पूर्ण माहीत असायचं. तरी हृदयाचे ठोके वाढायचे. मग त्यांनी खड्ड्याच्या काठाच्या जागी जमिनीवर दीड इंच जाडीची खरी लाकडी फळी ठेवली. पायाच्या बोटांना फळीची कड लागली आणि भीती आणखी वाढली. दीड इंच खरं लाकूड, बाकी सगळा खड्डा मेंदूने स्वतः भरला.

याच गुणाचा सगळ्यात चांगला उपयोग मला अमेरिकेतल्या सिएटल शहरातला वाटतो. तिथे वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी भाजलेल्या रुग्णांसाठी 'स्नोवर्ल्ड' नावाचं आभासी जग तयार केलं. भाजलेल्या जखमांचं ड्रेसिंग बदलणं हा भयंकर वेदनेचा प्रकार, औषधं देऊनही. त्या वेळात रुग्ण हेडसेट लावून बर्फाळ दरीतून जातो आणि हिममानवांवर, पेंग्विनांवर बर्फाचे गोळे फेकतो. वेदना कमी जाणवल्याचं रुग्णांनी सांगितलं. वेदनेलाही मेंदूचं लक्ष लागतं, आणि ते लक्ष बर्फाने मागून घेतलेलं असतं. जखम खऱ्या जगात, मन आभासी जगात. या क्षेत्रातल्या कुठल्याही दिमाखदार जाहिरातीपेक्षा ही गोष्ट मला जास्त पटते.

जग मिसळलं की भांडणंही मिसळतात. २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो' हा खेळ आला. नकाशावरच्या खऱ्या ठिकाणी जायचं आणि फोनमध्ये दिसणारे प्राणी पकडायचे. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन इथल्या होलोकॉस्ट (नाझींनी केलेलं ज्यूंचं हत्याकांड) स्मारक संग्रहालयाला लोकांना विनंती करावी लागली की इथे हे खेळू नका. आपल्याकडे गुजरात उच्च न्यायालयात याचिका गेली, कारण खेळातली आभासी अंडी देवळांच्या जागी मिळत होती आणि त्याने भावना दुखावल्या गेल्या असं याचिकाकर्त्याचं म्हणणं होतं. देवळात प्रत्यक्षात काहीच आलं नव्हतं, आणि तरीही आलं होतं. अमेरिकेत घरमालकांनी दावा लावला की अनोळखी माणसं आमच्या अंगणात शिरतात. २०१९ च्या तडजोडीत कंपनीने कबूल केलं की खाजगी घराच्या चाळीस मीटरच्या आत असलेल्या खेळाच्या जागेबद्दल तक्रार आली तर ती हटवण्याची व्यवस्था करू.

माझ्या जमिनीचा सातबारा माझ्या नावावर आहे, पण तिच्यावरच्या आभासी थराचा सातबारा कुणाच्या नावावर? हा प्रश्न अजून नीट सुटलेला नाही. आणि त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. खोटा फ्रीज जागेवर राहावा म्हणून यंत्राला तुमच्या स्वयंपाकघराचा नकाशा करावा लागतो. भिंती किती लांब, दार कुठे, टेबलावर काय, आणि डोळ्यांची हालचाल टिपणारा हेडसेट असेल तर तुमची नजर कशावर किती वेळ थांबली, हेही. यातला बराचसा हिशोब फोनमध्येच होऊ शकतो आणि तिथेच राहू शकतो, पण तो राहतोच असं नाही. कॅमेऱ्याची परवानगी मागणारी चौकट पुढे आली की आपण न वाचता 'हो' म्हणतो. घरात आलेल्या पाहुण्याला आपण सगळी कपाटं उघडून दाखवत नाही. इथेही तेवढं तारतम्य हवं, आणि कंपन्यांवर कायद्याचा तेवढा वचकही.

ताईच्या फ्रीजचं पुढे काय झालं ते राहिलंच. मी तिला सांगितलं, फरशीवर काहीतरी छापील पसर. तिने आठवडाभराची वर्तमानपत्रं ओट्याशेजारी अंथरली, ट्यूबलाइट बंद केली, खिडकी उघडली. भाचीने फोन फिरवला आणि या वेळी ठिपके मथळ्यांवर, फोटोंच्या कडांवर दाट उमटले. फ्रीज उभा राहिला. ताई पॅसेजमध्ये जाऊन आली, बाल्कनीत जाऊन आली, तो हलला नाही. खिडकीचा खालचा हातभर उजेड तो अडवतो, हे सगळ्यांना दिसलं, आणि तेवढं चालेल असं ठरलं.

मग ताई म्हणाली, "आता दार उघडून दाखव." ते मात्र त्या फ्रीजला येत नव्हतं. तेव्हा तिने खाली अंथरलेलं एक वर्तमानपत्र उचललं, दाराच्या रुंदीएवढं दुमडलं, एक टोक पायाने दाबून धरलं आणि दुसरं टोक फरशीवरून हळूहळू गोल फिरवलं. अर्ध्यातच ते ओट्याच्या कडेला लागलं. "म्हणजे उलट्या बाजूने उघडणारा हवा," ती म्हणाली, आणि भाचीने फोनमध्ये दुसरा फ्रीज शोधायला घेतला.